गोबो: मातीचा वास असलेल्या काठीची भाजी (आणि तिच्या औषधीपणाबद्दल थोडं)

पाटीवरवंटा

टोकियोत नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. निशी-कासाईच्या सुपरमार्केटात गाजरांच्या शेजारी मातीने माखलेल्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड, पाऊण मीटरभर लांब. जपानी अक्षर तेव्हा एकही वाचता येत नव्हतं. कुंडीतल्या झाडांना आधार द्यायच्या काठ्या असतील असं समजून मी दोन घेतल्या आणि तुळशीच्या लग्नाला ऊस नेतात तशा सायकलच्या टोपलीत उभ्या करून घरी आणल्या. बाल्कनीतल्या टोमॅटोला सुतळीने बांधल्यासुद्धा!

शेजारच्या आजींनी ते पाहिलं. त्या हसत हसत आत गेल्या आणि स्वतःची सुरी घेऊनच परत आल्या. त्या काठ्या म्हणजे गोबो. इंग्रजीत बरडॉक, शास्त्रीय नाव आर्क्टियम लापा. सूर्यफुलाच्या कुळातल्या झाडाचं मूळ.

त्या दिवशी शिकले ती पहिली गोष्ट: गोबो सोलायचा नाही. गाजरासारखं सोलाणं लावलं की संपलं, कारण त्याचा सगळा वास सालीत आणि सालीच्या लगत असतो. नळाखाली धरून सुरीच्या पाठीने खरवडायचा. आजी तर चुरगळलेल्या अॅल्युमिनियम फॉइलने नुसता घासतात. तपकिरी पापुद्रा निघून आतून मळकट पांढरा रंग दिसला की थांबायचं. चिरल्यावर मिनिटभरात वांग्यासारखा काळा पडायला लागतो, म्हणून पाण्यात टाकायचा.

चिरायची पद्धत पाहण्यासारखी आहे. तिला सासागाकी म्हणतात. टोकाला उभ्या चार-पाच चिरा द्यायच्या, मग पेन्सिलीला सुरीने टोक काढतात तसं मूळ फिरवत फिरवत तासायचं. तासलेले कपटे थेट पाण्याच्या वाडग्यात पडतात. माझे पहिले कपटे खडूच्या तुकड्यांसारखे निघाले होते.

घरोघरी होणारा प्रकार म्हणजे किनपिरा. एक गोबो (साधारण दीडशे ग्रॅम), अर्धं गाजर, दोन्ही काडेपेटीच्या काड्यांसारखं चिरून. चमचाभर भाजक्या तिळाचं तेल, त्यात सुक्या लाल मिरचीचे दोन-चार गोल तुकडे, मग मोठ्या आचेवर गोबो आधी आणि गाजर नंतर. दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मिरीन (स्वयंपाकात वापरायची तांदळाची गोडसर वाइन), छोटा चमचा साखर. रस पूर्ण आटून काड्या चकचकीत होईपर्यंत परतायचं. वरून तीळ.

सावध: आपल्या घाण्याचं कच्च्या तिळाचं तेल इथे चालत नाही. वास भाजक्या तिळाचाच हवा.

कुणी खाल्लाय का? भारतात मिळतो का? आणि याच्या औषधी गुणांबद्दल जे काही नेटवर फिरतं त्यात तथ्य किती?

मिरजकर_मधू

वाचतेय. टोमॅटोला बांधलेला गोबो डोळ्यांसमोर आला, फुटले!

दोन शंका. सुरणासारखा घशाला खाजतो का? आणि उपासाला चालेल का?

उगाचच

उपासाला चालायला आधी तो पंचांगवाल्यांना माहीत व्हायला हवा. साबुदाणा आणि बटाटा बाहेरून येऊन फराळात बसले, तसं यानेही रांगेत उभं राहावं.

पाटीवरवंटा

मधू, खाजत नाही. बटाट्यासारखा मऊही होत नाही, कितीही शिजव. कारण त्यात पिष्ट जवळजवळ नाहीच, त्याच्या जागी इन्युलिन असतं, तेच चिकोरीच्या मुळात असतं ते. कमळकाकडीचा कुरकुरीतपणा, किंचित गोडवा आणि मागे पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. नवऱ्याला पहिल्या घासाला "नीट धुतला नाहीस" असं वाटलं होतं.

मँचेस्टरवाला

आमच्याकडे उत्तर इंग्लंडमध्ये हा बाटलीत भेटतो. डँडेलियन अँड बरडॉक नावाचं काळपट फेसाळ सरबत. मूळची कल्पना या दोन मुळांचं आंबवलेलं पेय अशी. इथली म्हातारी माणसं माशांच्या आणि चिप्सच्या पुड्याबरोबर पितात आणि लहानपण आठवतात. मी पहिला घोट घेतला तेव्हा मला माझं लहानपण आठवलं, पण त्यातलं खोकल्याचं औषध. दुकानातल्या स्वस्त बाटलीवरचे घटक वाचले तर साखर, रंग, स्वाद. मुळाचा पत्ता नाही.

हिमकण

ओंटारिओतून लिहितोय. अहो, तुम्ही पैसे देऊन घेता? आमच्या मागच्या अंगणात हे तण आहे! इथे बहुतेक ठिकाणी दिसतो तो त्याचा धाकटा भाऊ, आर्क्टियम मायनस. पानाचा देठ कापून पाहायचा: आतून पोकळ असेल तर हा धाकटा, भरीव असेल तर जपानी गोबोवाला. खाण्याजोगे दोन्ही.

उन्हाळ्याच्या शेवटी याची आकड्यांची बोंडं कुत्र्याच्या अंगाला अशी चिकटतात की कात्रीच लागते. वेल्क्रोचा शोध यातूनच लागला. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस अभियंता कुत्र्याला घेऊन आल्प्समध्ये फिरून आला, कपड्यांना चिकटलेली बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्याला ते आकडे दिसले. इथे छोटे पक्षी आणि वटवाघळंसुद्धा या बोंडांत अडकून मरतात, ते मात्र बघवत नाही.

खणायचं असेल तर एक लक्षात ठेवा. झाड दोन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी नुसती जमिनीलगत मोठाली पानं, खालून पांढुरकी लव असलेली. दुसऱ्या वर्षी मधून दांडा वर येतो, फुलं लागतात आणि झाड मरतं. मूळ काढायचं ते पहिल्या वर्षीच्या शेवटी किंवा दुसऱ्या वसंतात दांडा फुटायच्या आत. दांडा आला की मुळाचं लाकूड होतं. आणि "काढायचं" म्हणजे काय ते मला विचारा. दीड तास पहार मारून अर्ध्यात मोडलं. बायको खिडकीतून बघत होती.

पाटीवरवंटा

हिमकण, म्हणूनच जपानीत "गोबो-नुकी" असा शब्दच आहे, गोबो उपटल्यासारखं. धरणं धरून बसलेल्या लोकांना पोलिस एकेक करून उचलतात तेव्हा बातमीत हाच शब्द येतो. आणि शर्यतीत मागून येऊन कुणी पटापट सगळ्यांना मागे टाकलं तरी हाच. शेतात आता लांब खोल चर काढणारी यंत्रं वापरतात. सगळ्यात जास्त पीक उत्तरेकडच्या आओमोरीत.

कोथरूडचा_कांदा

आकड्यांची बोंडं म्हणजे आपला गोखरूच की! गावाकडे बांधावर ढिगाने आहे. उद्याच उपटून आणतो, किनपिरा का काय ते करतो.

सारिवा

कांदा, कृपा करून नको!! मी आयुर्वेदाची वैद्य आहे, हे जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे "गोखरू" या एका नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती चालतात. एक सराटा, म्हणजे काटे गोखरू, जमिनीवर पसरणारा, चपलेत घुसणारा. औषधातला गोक्षुर तो. दुसरा शंकेश्वर, कमरेएवढा वाढणारा, रस्त्याकडेला आणि पडीक शेतात माजणारा, ज्याची लांबट आकडेवाली बोंडं शेळ्यामेंढ्यांच्या अंगाला चिकटतात. त्यालाही बरेच लोक गोखरूच म्हणतात. तुम्ही बांधावर पाहिलाय तो बहुतेक हाच. तो बरडॉकच्याच कुळातला आहे, बोंडंही तशीच दिसतात, पण त्याच्या बिया आणि कोवळे कोंब विषारी. यकृतावर घाला घालतात. २००७ मध्ये बांगलादेशात सिल्हेट भागात पुरानंतर धान्य महागलं तेव्हा लोकांनी याचे कोवळे कोंब भाजी म्हणून खाल्ले. शहात्तर जण आजारी पडले, त्यांतले एकोणीस गेले.

बरडॉक महाराष्ट्रात रानात उगवत नाही. भारतात तो काश्मीर-हिमाचलकडे, थंड उंचीवर. आपल्या बांधावर "तसंच दिसणारं" काही सापडलं तर ते बरडॉक नाही, इतकं पक्कं धरा.

कोथरूडचा_कांदा

बापरे. उपटायचा बेत रद्द. आईला पण सांगतो, ती रानभाज्या आणते अधूनमधून.

आजीचा_बटवा

औषधी गुणांचा प्रश्न राहिलाच. मी दोन महिने बरडॉकच्या कॅप्सूल घेतेय, रक्तशुद्धीसाठी. चेहऱ्यावरचे फोड कमी झालेत असं मला तरी वाटतं. युरोपात शेकडो वर्षं वापरतात, चीनमध्ये वापरतात. इतके लोक चुकीचे असतील का? आपल्याकडे लगेच "पुरावा दाखवा" म्हणणारे येतीलच.

गोळ्यावाला

आलो. :)

मी औषधनिर्माण शिकलोय, दुकान चालवतो. ताई, फोड कमी झाले असतील तर आनंदच आहे, पण "रक्तशुद्धी" म्हणजे नेमकं काय मोजायचं? रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंड करतात, त्यांना मुळाची मदत होते असं दाखवणारा मजबूत अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. युरोपच्या औषध नियामकाने बरडॉकच्या मुळाला मान्यता दिलीय ती "परंपरागत वापर" या वर्गात: लघवी वाढवायला, भूक लागायला, तेलकट त्वचेच्या तक्रारींना. त्या वर्गाचा अर्थच असा की खूप वर्षं वापरात आहे म्हणून परवानगी, परिणाम सिद्ध झालाय म्हणून नव्हे.

चीनमध्ये औषधात मुख्यतः बी वापरतात, न्यूबांगझी. घसा दुखणं, ताप यांवरच्या यिन च्याव सान या जुन्या मिश्रणात ते असतं. म्हणजे बी वेगळं, मूळ वेगळं, आणि कॅप्सूलवर "हजारो वर्षांची चिनी परंपरा" छापलेलं असतं तेव्हा कुणाची परंपरा कुणाला चिकटवलीय ते बघा. बोंडाचाच गुण तो.

खरी भीती दुसरीच आहे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बरडॉकचा चहा पिऊन झालेल्या विषबाधेची नोंद आली. अॅट्रोपिन या विषारी द्रव्याची लक्षणं: तोंड कोरडं, नजर धूसर, लघवी अडणं, भ्रम. बरडॉकमध्ये अॅट्रोपिन नसतंच. ते बेलाडोनासारख्या झाडांत असतं आणि वाळवून तुकडे केले की मुळं सारखीच दिसतात. म्हणजे भेसळ, नाहीतर गफलत. अख्खा मातीचा गोबो ओळखता येतो. कॅप्सूलमधली पूड कोण ओळखणार?

मधुमेहाच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं किंवा लघवीची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नका. गरोदरपणात नकोच. शेवंती, झेंडू, गाजरगवत यांची अॅलर्जी असलेल्यांनीही जपून, कूळ तेच. जपानमध्ये गोबो खाऊन तीव्र अॅलर्जी झालेलेही लोक आहेत.

आजीचा_बटवा

घाबरवू नका हो. माझ्या कॅप्सूलच्या बाटलीवर सगळे शिक्के आहेत.

सारिवा

बटवाताई, वैद्य म्हणून सांगते, राग मानू नका. आमच्या ग्रंथांत बरडॉक नाही. त्वचेच्या तक्रारींना आम्ही मंजिष्ठा, सारिवा म्हणजे अनंतमूळ वापरतो, तेही माणूस तपासून. "तिकडची मंजिष्ठा" म्हणून बरडॉक विकणारे लोक मी पाहिलेत. दोन परंपरांची अशी जोडाजोड करून विकणं दोन्हीकडच्या वैद्यांना आवडणार नाही.

हिमकण

याला जोडून. आमच्या ओंटारिओत गेल्या शतकात रेने केस (Caisse) नावाच्या नर्स होत्या. त्यांनी कॅन्सरवर एक काढा द्यायला सुरुवात केली आणि स्वतःचं आडनाव उलटं लिहून त्याला एसिअॅक (Essiac) नाव दिलं. त्यात बरडॉकचं मूळ मुख्य. आजही विकला जातो. कॅन्सरवर त्याचा उपयोग होतो हे आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी केमो पुढे ढकलून तीन महिने हा काढा घेतला होता. जास्त लिहीत नाही.

मिरजकर_मधू

:(

उगाचच

अवांतर: रशियात याचं मूळ तेलात मुरवून केसांना लावतात म्हणे. म्हणजे त्यांचं माक्याचं तेल. माकापण सूर्यफुलाच्याच कुळातला ना? माझं टक्कल दोन्हींच्या पलीकडे गेलंय, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे.

द्राक्षबाग

लागवडीबद्दल कुणी बोलेना म्हणून मी. नाशिकजवळ शेती आहे. पुतण्या जपानहून बियांचं पाकीट घेऊन आला होता, म्हटलं बघू.

पहिली चूक: जूनमध्ये पेरला. याला पाणी साचलेलं अजिबात सोसत नाही. आमच्या काळ्या जमिनीत ऑगस्टपर्यंत सगळा कुजला. वास यायला लागला तेव्हा कळलं.

दुसऱ्या वेळी ऑक्टोबरात, जमिनीत नाही, खताच्या रिकाम्या गोण्यांत. तळ फाडून गोणी उभी केली, रेताड माती आणि जुनं, पूर्ण कुजलेलं खत. ताजं शेणखत घातलं की मूळ दोन-तीन फाटे फोडतं, गाजर-मुळ्याचंही तसंच. बी रात्रभर भिजवलं आणि अगदी पातळ माती टाकली, कारण याच्या बियाला उजेड लागतो, खोल पुरलं तर उगवत नाही. मार्चमध्ये गोणी सुरीने उभी चिरली की मूळ अलगद मोकळं. खणायचं काम नाही. हिमकण, तुमच्या पहारीला हा उपाय.

मिळाले दोन-दोन फूट, बोटाएवढे जाड. विकायला म्हणाल तर गिऱ्हाईक नाही, घरी खायला ठीक. त्याच मातीत लगेच पुन्हा लावू नका, चार-पाच वर्षं जाऊ द्यावी लागतात.

पाटीवरवंटा

द्राक्षबाग, कमाल! इथेही घरच्या बागेत लोक असंच गोणीत लावतात.

तळेगावकरीण

पुण्यात जपानी-कोरियन किराणा दुकानात गोठवलेला, चिरलेला गोबो मिळाला. केला. पण हिरवा झाला हो! निळसर हिरवा. मऊ व्हावा म्हणून चिमूटभर सोडा टाकला होता, छोल्यांना टाकतो तसा. फेकून दिला. विषारी झाला होता का?

गोळ्यावाला

विषारी नाही. त्यातली क्लोरोजेनिक आम्लासारखी द्रव्यं आणि अमिनो आम्लं अल्कधर्मी पाण्यात एकत्र आली की हिरवा रंग तयार होतो. सोडा टाकलात, तिथेच झालं. सोड्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबू टाकलं असतं तर पांढराशुभ्र राहिला असता.

तळेगावकरीण

म्हणजे केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतो तसंच की. हे आधी सांगायचं ना कुणीतरी!

पाटीवरवंटा

अगदी तसंच. फक्त फार वेळ नको. पूर्वी इथे तासभर भिजवायचे, पाणी तपकिरी झालं की "कडवटपणा गेला" म्हणायचे. तो रंग म्हणजे चवच असते, कडू फारसं काही नसतंच. आजी आता पाच मिनिटांत उपसतात, किनपिराला तर नुसता बुचकळून काढतात. मऊ हवा असेल तर सोडा नाही, बारीक चिर.

अजून एक, शाकाहारी मंडळींसाठी. इथे दुकानात तयार मिळणाऱ्या किनपिरात, गोबोच्या भातात, सूपमध्ये बहुतेक वेळा दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. दिसत नाही, वासही चटकन कळत नाही. मी वर्षभर बिनधास्त खात होते आणि मग एकदा मागचं लेबल वाचायला शिकले. घरी केलात तर दाशीची गरज नाही, गोबोला स्वतःची चव भरपूर आहे.

किनपिरा हे नावही मजेशीर. सतराव्या शतकात इथल्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात किनपिरा नावाचा महाबली योद्धा होता. गोबो चिवट, मिरची तिखट, म्हणून भाजीला पैलवानाचं नाव.

मिरजकर_मधू

म्हणजे भीमाची भाजी! पोटाला कसा? तंतू फार असतील.

गोळ्यावाला

शंभर ग्रॅमला साधारण साडेपाच-पावणेसहा ग्रॅम तंतू, चांगलेच. पण इन्युलिन लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ते खातात आणि वायू करतात. पहिल्यांदा खाणाऱ्याने वाटीभर खाऊन लांबच्या प्रवासाला निघू नये.

मँचेस्टरवाला

ट्रेनमध्ये शेजारी बसणाऱ्यांच्या वतीने +१.

कोथरूडचा_कांदा

तळेगावकरीण ताईंनी सांगितलेल्या दुकानातून पाकीट आणलं. सोडा टाकला नाही. मिरीन नव्हतं म्हणून साखर आणि किंचित पाणी. आईने शेवटी न विचारता वर तिळकूट भुरभुरलं, जळगावकडचं तिखट. खरं सांगू, त्याने जास्त छान झालं. मातीचा वास गोठवलेल्यात फारसा आला नाही, ताजा असता तर कळलं असतं. बाबा म्हणाले शेवग्याच्या शेंगा चावतोय असं वाटतंय. पण तीन वेळा घेतलं.

पाटीवरवंटा

तिळकूट! मला कसं सुचलं नाही. गोठवलेल्याला वास कमी येतोच, साल काढूनच भरतात. सोयीचा, पण जपानी आजी नाक मुरडतात. ताजा, माती असलेला मिळाला तर धुवू नका, ओल्या कागदात गुंडाळून ठेवा, दोन आठवडे राहतो. धुतलेला तीन-चार दिवसांत वाळतो.

मिरजकर_मधू

माझा भाऊ दिवाळीत ओसाकाहून येतोय, दोन काठ्या मागवल्यात. विमानतळावर विचारलं तर काय सांगू म्हणतोय.

उगाचच

टोमॅटोला आधार म्हणून सांगा.

द्राक्षबाग

मधूताई, मातीसकट आणू नका, मातीबरोबर काय काय रोग येतात आणि विमानतळावर अडवतात ते वेगळंच. मार्चमध्ये माझ्याकडूनच घ्या, मिरजेला द्राक्षांच्या पेटीबरोबर पाठवून देईन.

मिरजकर_मधू

दादा, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते! आणि पाटीवरवंटा, भाकरीबरोबर कसा लागेल?

पाटीवरवंटा

करून पाहिलंय, कोरडा पडतो. गरम भाताबरोबरच छान. भाकरीच हवी असेल तर सोया सॉस थोडा कमी घाल आणि बाजूला दही घे.